चढाईला ती, बाकावर मी

बाबा, त्या हिवाळ्यात माझा तुमच्यावर विश्वास नव्हता. दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. मुलींच्या कबड्डी संघाचे तुम्ही प्रशिक्षक, आणि तुमची मुलगी म्हणजे मी, संघाची मुख्य चढाईपटू. नागझिऱ्याकडच्या एका खेड्यातून तुम्ही एक काटकुळी पोरगी आणलीत. चढाईला गेली की हमखास पकडली जायची, तरी पुढच्या सामन्यात तुम्ही तिलाच पाठवायचात आणि मला बाकावर बसवायचात. कुडव्याच्या मैदानाभोवती लोक हसायचे. "मास्टरजी, लड़की बदलो!" असं कुणीतरी ओरडायचं. तुमच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलायची नाही.

यात काहीतरी आहे, असं मला वाटायला लागलं. निवड समितीत तिचा कुणी मामा-काका असेल, नाहीतर तिच्या घरून आपल्याकडे तांदूळ येत असेल. मी आईच्या नकळत पोतीसुद्धा बघून आले. शेवटी तुम्ही जेवत असताना विचारलंच, "तिलेच काऊन पाठवता?" तुम्ही भात कालवत राहिलात. "पाय चांगले हायेत तिचे. नजर तयार व्हायची हाये. थांब जरा." "अन् मी?" तुम्ही ताट आईकडे सरकवलंत. "वरण दे अजून."

एका रविवारी तुम्ही काही न सांगता स्कूटर काढलीत, तेव्हा मैत्रिणीची लूना घेऊन मी मागे आले. त्या पोरीच्या घरापुढे तुम्ही उभे आहात, समोर तिचा मोठा भाऊ, आणि मी कुंपणाआड. भाऊ म्हणतो, "पाहुणे येऊन राहिले तिले पाहाले. खेळून काय भेटते? दरखेपी हारूनच येते." तुम्ही हात जोडता. पंचापुढेही कधी न वाकलेले तुम्ही. "दोन साल द्या मले. नाही जमलं, तर मी सोता स्थळ शोधतो तिच्यासाठी." मी लूना ढकलत रस्त्यापर्यंत नेली आणि मगच सुरू केली.

तिला जमलं. पुढच्या वर्षी जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात शेवटची चढाई तिची होती. कोपऱ्यातल्या दोघींना बाद करून ती मधल्या रेषेवर पालथी पडली, आणि तिचा भाऊच सगळ्यांत आधी मैदानात धावला. खेळाच्या कोट्यातून तिला नोकरी लागली, लग्न तिने तिच्या मर्जीने केलं. हे सगळं बघून तुम्ही गेलात.

माझा संशय मात्र पुरता फिटला नाही. तिच्यासाठी तुम्ही का थांबलात, ते कळलं. पण तिला जागा करून द्यायला मलाच का उठवलंत? माझ्या लग्नाची कुणाला घाई नव्हती म्हणून, की माझा खेळ आता याहून वाढणार नाही, हे तुम्हाला दिसलं होतं? ती अजून फोन करते. "ताई, मास्तर तुमच्याबद्दल नेहमी म्हणायचे..." असं सुरू करते, आणि मी दरवेळी तिच्या मुलांचं काहीतरी काढून विषय बदलते. बाबा, तुम्ही काय म्हणायचात, ते ऐकायची माझी अजून हिंमत होत नाही.