चंद्रप्पाचं दूध बंद

१८ डिसेंबर, सकाळ
आजपासून घरातलं दूधखातं माझ्याकडे. बिलोलीचं स्टेशनरीचं दुकान धाकट्या भावावर सोपवून आरतीच्या नीटच्या क्लाससाठी लातुरात खोली केली, ती झोपा काढायला नाही. भाऊ पाठवतो त्यात भाडं, क्लास, किराणा. उरल्यासुरल्यात अर्धा लिटर दूध, आणि तेही फक्त आरतीचं. टेस्टच्या दिवशी भीतीने तिच्या पोटात अन्न ठरत नाही, दूध तेवढं ठरतं. मागच्या टेस्टला दूध नासलं आणि पोरगी बाकावरच चक्कर येऊन पडली. आता तसं होणे नाही. मी आणि बायको उमादेवी कोरा चहा. उमादेवी काही बोलली नाही, म्हणजे ठराव एकमताने पास.

१९ डिसेंबर
कोऱ्या चहाने डोकं धरलं. प्लॅनिंग करणाऱ्याचं डोकं शाबूत पाहिजे. आरतीच्या दुधातले दोन चमचे घेतले. चमचा जरा मोठा होता.

२३ डिसेंबर
गवळी चंद्रप्पा म्हणाला, साहेब, तीस तारखेला येळवस हाय, आमुशाला अन् आदी दोन दिस दूध न्हाई, समदं आंबिलीच्या ताकाला लागतंय. तीसलाच आरतीची मोठी टेस्ट, दोन ते पाच! येळवस म्हणजे वेळा अमावस्या, म्हणे त्या दिवशी सगळं लातूर शेतात जेवायला जातं. आमच्या बिलोलीत असलं काही नाही. ही सरळ दरवाढीची चाल. एकोणीस वर्षं दुकान चालवलंय. जूनमध्ये मीही वह्यांचा तुटवडा आहे म्हणायचो.

२४ डिसेंबर
रतीब बंद केला. चंद्रप्पा म्हणाला, बरं. विनवण्या करेल असं वाटलं होतं. आतून हादरला असणार. उमादेवी म्हणाली, घरमालकीण केवळाबाईंना येळवसचं विचारून तरी बघा. मी कुणाला विचारत नसतो. पिशवीचं दूध सुरू.

२९ डिसेंबर
कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, उद्याची पिशवी आजच न्या, उद्या बंद हाय. भीती घालून माल खपवणं मला शिकवतो! शिवाय फ्रिज नाही. नेली नाही.

३० डिसेंबर, सकाळी ९.३०
कोपऱ्यावरचं दुकान बंद. पुढची सहाही बंद. केवळाबाईंच्या दाराला कुलूप. रस्त्याने नुसते टेम्पो, डोक्यावर टोपल्या, पोरंबाळं. तीन वस्त्या पालथ्या घातल्या, कपभर दूध नाही. क्लासवाले बाहेरचे, टेस्ट आहेच. आरती पुस्तक उघडून बसली आहे, पान उलटत नाही. परिस्थिती कंट्रोलमध्ये आहे. औशाकडे चंद्रप्पाच्या शेतावर जातो. उमादेवीला शब्द दिला, एकच्या आत दूध घेऊन हजर.

३० डिसेंबर, संध्याकाळ
पोचायलाच साडेअकरा झाले. चंद्रप्पाने रतीबाचा विषयच काढला नाही. दूध मागितलं तर म्हणाला, देतो की, आदी जेवा, येळवसला शेतातून उपाशी कुणी जात न्हाई. नाही म्हणणं बरं दिसेना. शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील. आंबील तीन तांबे, तीही केवळ मान राखायला. मग चिंचेखाली पाच मिनिटं टेकलो.

उठलो तेव्हा पावणेचार. चंद्रप्पाने किटली भरून ठेवली होती. म्हणाला, लई गाढ झोपलाव, उठवू वाटलं न्हाई. चूक त्याचीच. मी झोपलो नव्हतो, थकलो होतो.

घरी आलो. आरती पण आलेली. उपाशीच गेली होती. चक्कर आली नाही, पण तासाभराने अक्षरं हलायला लागली म्हणे, तेव्हा पेपरवर डोकं ठेवून बसून राहिली. उमादेवी माझ्याकडे बघेना. किटली मी खाली ठेवली, कुणी उचलली नाही.

आरती जेवायला बसली. एकच भाकरी होती. म्हणाली, पप्पा, माझ्यासाठी दिवसभर हिंडलात, जेवलात का?

नाही म्हणालो.

तिने अर्धी भाकरी मोडून माझ्याकडे सारली. खाल्ली.