माश्या सुखरूप आहेत

सयाजीगंज, बडोदे
रविवार

ती. आईस,
योगिनीचा नमस्कार.

काल दुपारी पोचले. फोनवर नीट बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

निघताना तू म्हणालीस, "बाबांच्या दिवसांत इथे अडकलीस, तुझ्या माश्या गेल्या असतील." गेल्या नाहीत. प्रयोगशाळेतल्या हेतलबेनने तेराही दिवस सांभाळलं. एक दिवसाआड त्यांना ताज्या खाण्याच्या नळ्यांत हलवलं, मेलेल्या मोजून वहीत लिहिल्या. माझं अडीच महिन्यांचं काम वाचलं. मी आभार मानायला गेले तर म्हणाली, "तू मम्मीने संभाळ, माखी तो हुं संभाळीश." तू आईला सांभाळ, माश्या मी सांभाळते, असं.

ज्यांचं एक जनुक आम्ही बदललं आहे, त्या निम्म्याहून जास्त जिवंत आहेत. तेवढ्याच साध्या माश्यांतल्या मात्र नऊच उरल्या. म्हणजे बदललेल्या खरंच जास्त जगतात.

माझं जेवण वेळेवर होतं. तुला झोप लागते का? कुशलदादा शनिवारी येतो ना?

बाबा दर रविवारी फोनवर आधी विचारायचे, "किती उरल्या?" आज मी मोजून आकडा वहीत लिहिला.

सगळ्या मिळून एकशे बारा उरल्या आहेत. पुढच्या रविवारपासून तू विचारत जा.

तुझी,
योगिनी