डेल्बर्टच्या डाव्या हाताची जागा

लुइव्हिल,
८ मे, बुधवार सकाळ

प्रिय जिनीव्हा,

(पाकिटावर मी ‘आदरणीय मदर अँसेल्मा’ असंच लिहिलं आहे, कारण पोस्टमनसमोर तुझा मान राहिला पाहिजे. आत मात्र तू जिनीव्हाच. जिच्या शेजारच्या खाटेवर चार वर्षं झोपले आणि जिच्या घोरण्यावर उशी फेकून मारली, तिला या वयात ‘आपण’ म्हणणं मला जमायचं नाही.)

मनापासून नमस्कार, आणि मठातल्या सगळ्या सिस्टरांना माझी आठवण सांग. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलं तरी तू घंटेच्या खोलीपर्यंत जातेस, असं सिस्टर कोलंबाने कळवलं. तिच्यावर रागावू नकोस, मीच तिला खोदून विचारलं होतं. मी बरी आहे. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसऱ्याचा अजून ठेवला आहे. इमोजीन समोर बसली की त्याचा उपयोग होतो. परवा जिन्याला मेण लावताना तो वास आला आणि मी तिथेच खालच्या पायरीवर बसले. आपला तो शाळेतला लांब व्हरांडा, शनिवारी गुडघ्यांवर बसून घासायचो तो, आणि तू चिंध्या पायांना बांधून त्यावरून घसरत जायचीस आणि मी ‘कुणी आलं, कुणी आलं’ म्हणायचे. खरं तर कुणीच येत नसे. मला फक्त भीती वाटायची.

आता मुद्द्यावर येते. (शाळेत सिस्टर हिल्डगुंड म्हणायच्या की पत्राचा मुद्दा पहिल्या पानावर यावा. मी पान लहान अक्षरात लिहिते आहे म्हणून आला.)

डेल्बर्टला जाऊन दोन वर्षं झाली. त्याच्या बाप्टिस्ट मंडळीच्या दफनभूमीत तो आहे, उजव्या हाताला त्याची आई, डाव्या हाताला रिकामी जागा. ती जागा माझी, असं मी दोन वर्षं समजत होते. दर रविवारी तिथे जाऊन मी त्या तुकड्यावर घडीची खुर्ची टाकून बसते, एखादी बाई भाड्याची खोली आधी बघून येते तशी. पण मार्च महिन्यात कळलं की तिथे फक्त मंडळीचे पूर्ण सभासद झोपू शकतात. पंचेचाळीस वर्षं मी रविवारी त्या चर्चच्या बाकावर बसले, त्यांच्या जेवणांना बटाट्याचं सॅलड नेलं, पण सभासद कधी झालेच नाही, कारण शनिवारी संध्याकाळी मी आपल्या कॅथलिक चर्चमध्ये मिस्साला जायचे. डेल्बर्ट स्वतः गाडीने सोडायचा आणि बाहेर बसून शेंगदाणे खायचा. हे नियमाचं मला सांगितलं इमोजीनने. इमोजीन म्हणजे माझी धाकटी नणंद, वय सत्तर, लग्न केलेलं नाही, दफनभूमी समितीची चिटणीस. तू तिला आमच्या लग्नात पाहिलं आहेस, जांभळ्या टोपीतली, जी सगळा विधी होईपर्यंत मान हलवत होती.

“वहिनी, तुम्हाला तुमच्या लोकांत जागा आहेच की,” ती म्हणाली. “आणि माझा भाऊ तिथे एकटा पडलाय.”

तिला ती जागा स्वतःला हवी आहे, जिनीव्हा. दफनभूमीच्या कागदावर पेन्सिलीने तिने स्वतःचं नावही घातलं आहे, मी पाहिलं. आता तो बिचारा जन्मभर तिच्यापासून अकरा मैल लांब घर घेऊन राहिला ते हवापाण्यासाठी नव्हे. नाताळच्या जेवणात तो टेबलाच्या त्या टोकाला बसायचा, जिथे खुर्ची मावत नाही. त्याला आता कायमचं तिच्या शेजारी झोपवायचं, तेही त्याला उठून जाता येत नसताना, हे माझ्याने बघवणार नाही.

म्हणून मी सभासद व्हायचं ठरवलं. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली, पाण्यात पूर्ण बुडणं. ती मी एप्रिलमध्ये उरकली. (एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा होत नाही हे मला पाठ आहे, तू उगाच पेन उचलू नकोस. मी ती अंघोळ समजून केली. पाणी तापवायचं यंत्र बिघडलेलं होतं, त्यामुळे वर आल्याबरोबर माझ्या हाताने आपोआप क्रूसाची खूण केली, जी बाप्टिस्ट करत नाहीत. सगळ्या चर्चने पाहिलं. ब्रदर टॉलिव्हर, म्हणजे त्यांचे पाळक, मोठे समजूतदार आहेत. ते म्हणाले, बाई पाणी पुसत होत्या.) दुसरी गोष्ट म्हणजे साक्ष. परक्या लोकांसमोर उभं राहून सांगायचं की मी आधी किती वाईट होते, देव मला कुठे, कोणत्या तारखेला, किती वाजता भेटला, आणि आता मी कशी आहे. आणि या मंडळीचा रिवाज असा की नव्या सभासदाने ही साक्ष डर्बीच्या दिवशी द्यायची, शर्यतीच्या मैदानाबाहेरच्या रस्त्यावर, जिथे दीड लाख माणसं पुदिन्याची व्हिस्की पिऊन घोडे बघायला येतात. चाळीस वर्षं हे लोक तिथे उभे राहतात. मीही दर वर्षी त्यांच्या सँडविचेस बांधून द्यायचे, पण घरून.

माझी अडचण तुझ्या लक्षात आली असेल. माझ्याकडे साक्षच नाही. मी जन्मानंतर आठव्या दिवशी, बाप्तिस्म्याच्या वेळी, देवाला भेटले आणि तेव्हा मी झोपलेले होते. त्यानंतर तूच मला ओळखतेस. इमोजीनने माझ्या स्वयंपाकघरात बसून तालीम घेतली.

“आधी काय पाप केलंत ते सांगा.”

मी विचार करून सांगितलं की उपवासकाळात, मांस वर्ज्य असलेल्या एका शुक्रवारी मी गुरुवार समजून सॉसेज खाल्लं होतं.

“किती?”

“अर्धं. मग आठवलं.”

“यावर कोण रडणार, वहिनी?”

तिचं बरोबर होतं. त्यांच्या मंडळीतल्या लुर्लीनची साक्ष बघ. दोन नवरे, एक जळलेलं हॉटेल, आणि ती दर वर्षी हॉटेलपाशी येऊन रडते, त्याच वाक्यावर, आणि रस्त्यावरचे लोकही रडतात. माझ्या अर्ध्या सॉसेजने कोण थांबणार?

तर शनिवारी सकाळी आठला आम्ही कोपऱ्यावर उभे. एक भोंगा, बर्फातल्या पाण्याच्या बाटल्या, पत्रिकांचा ढीग आणि उभं राहायला दुधाचा प्लॅस्टिकचा क्रेट. आजूबाजूच्या घरवाल्यांनी हिरवळीवर गाड्या लावून घेतल्या होत्या आणि टोप्यांचा नुसता महापूर. एका बाईच्या टोपीवर जिवंत वाटणारा बगळा होता. पलीकडच्या कोपऱ्यावर दुसऱ्याच कुठल्या मंडळीचा एक गृहस्थ ‘तुम्ही जळणार आहात’ अशी पाटी घेऊन उभा होता आणि लोक त्याच्याबरोबर फोटो काढत होते. मला पत्रिका वाटायला दिल्या. आपल्या शाळेने मला अनोळखी माणसाशी बोलताना आधी माफी मागायला शिकवलं आहे. मी ‘माफ करा, तुम्हाला त्रास देते’ म्हणून पुढे झाले की लोकांना वाटायचं, ही मैदानाची बाई आहे, आणि ते स्वच्छतागृह विचारायचे. दुपारपर्यंत मी त्रेसष्ट जणांना स्वच्छतागृहाकडे लावलं. इमोजीनने वहीत ‘योग्य मार्ग दाखवला : ६३’ असं लिहून टाकलं, ते मात्र मला आवडलं.

चारच्या सुमारास माझी पाळी आली. मी क्रेटवर चढले. (कुठला पाय आधी, यावर थोडा वेळ गेला.) मी सुरुवात केली की माझा जन्म नेल्सन काउंटीत एका श्रद्धाळू घरात झाला. दोन माणसं थांबली होती, त्यांतला एक पाणी घेऊन गेला. दुसरा झाडाला टेकून झोपला. मी सॉसेजपर्यंत पोचले. कुणीतरी जाता जाता म्हणालं, “आजी, भूक लागली असेल तर पलीकडे गाडी आहे.” इमोजीन हात बांधून माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत होती. ती बहुतेक त्या जागेसाठी माझी लांबी मोजत नव्हती, स्वतःची मोजत होती. मला डेल्बर्ट दिसला, तो शेंगदाण्याचा पुडा घेऊन गाडीत बसलेला, आणि त्याच्या शेजारच्या सीटवर इमोजीन.

आणि जिनीव्हा, माझ्या तोंडातून तुझं पाप बाहेर पडलं.

सगळंच पडलं. सोळाव्या वर्षी, डर्बीच्या शनिवारी, दोरीवर वाळत घातलेला सिस्टर हिल्डगुंडचा झगा आणि शिरोवस्त्र अंगावर चढवणं. मुलींच्या दृढीकरणाच्या विधीसाठी आलेल्या बिशपांची काळी गाडी पळवणं. चाळीस मैल, ट्रॅक्टर चालवायच्या अनुभवावर. मैदानाच्या मधल्या गवतावर, हजारो दारुड्यांत, पुदिन्याची व्हिस्की. फक्त ‘तिने’ च्या जागी मी ‘मी’ म्हटलं. प्रत्यक्षात मी काय केलं होतं? फाटक उघडून दिलं आणि तू येईपर्यंत त्याच्या मागे बसून तीन जपमाळा म्हटल्या. लोक थांबायला लागले. बगळेवाली बाई नवऱ्याला म्हणाली, “थांब रे, घोडे कुठे जातायत.” मग मी ते सांगितलं जे तू त्या रात्री खाटेवर मला सांगितलंस : एक कुणीतरी बाई गवतावर ओकत होती, सगळे लांब सरकत होते, आणि एका तरुणाने स्वतःची नवीकोरी टोपी तिच्यापुढे धरली. नाव विचारलं नाही, उपदेश केला नाही. टोपी धरून उभा राहिला. आणि तुला वाटलं की देव असेल तर असाच असेल. (त्यानंतर तू मठात जायचं ठरवलंस, ते मी गाळलं. बाप्टिस्टांसमोर कसं सांगणार.) लुर्लीन रडली, जी स्वतःच्या हॉटेलाशिवाय कधी रडली नव्हती. इमोजीनने हात सोडले.

तेवढ्यात मागून एक उंच म्हातारा पुढे आला. पट्ट्यापट्ट्यांचा उन्हाळी कोट, हातात टोपी.

“बाई, गोष्ट शंभर टक्के खरी आहे,” तो म्हणाला. “टोपी माझी होती. पण ती सिस्टर तुम्ही नव्हे. तिच्या पुढच्या दोन दातांत फट होती. घोडा जिंकला तेव्हा तिने त्या फटीतून अशी शिट्टी मारली की माझ्या शेजारचा कुत्रा उठून गेला. सिस्टर लोकांना शिट्टी येते हे मला तोवर माहीत नव्हतं.”

त्याचं नाव लिअँडर सिसेल. तुझ्या मठाच्याच गावचं घराणं. त्याचे वाडवडील तुमच्याच चर्चचे.

सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. माझ्या दातांत फट नाही, जिनीव्हा, आणि आता ते दातही माझे नाहीत. क्रेटवर उभं राहून, देवाचं नाव घेऊन, भोंग्यातून मी खोटं बोलले होते. मग मी ते तसंच सांगितलं. हे पाप माझ्या मैत्रिणीचं, मी उचललं. मी कधीच काही केलं नाही, कारण मला धीर नव्हता, पुण्य वगैरे काही नव्हतं. मला फक्त नवऱ्याच्या शेजारी झोपायचं होतं, आणि त्यासाठी मी खोटं बोलले, आणि मला त्याची लाज वाटते, पण तितकीशी वाटत नाही, आणि त्याचीही लाज वाटते. एवढं म्हणून मी रडायला लागले, आणि त्या पाटीवाल्याने मला स्वतःचा रुमाल आणून दिला.

ब्रदर टॉलिव्हरांनी घड्याळ पाहिलं. “चार मे, चार वाजून बावीस मिनिटं,” ते म्हणाले, आणि वहीत लिहून घेतलं. “माझ्या मते झाली साक्ष.”

“कशी झाली?” इमोजीन म्हणाली. “तिने दोन गोष्टी सांगितल्या आणि त्यांतली एक खोटी आहे. कुठली ते कुणी ठरवलं? कदाचित सगळं हिनेच केलं असेल आणि आता त्या बिचाऱ्या नन्‌वर ढकलत असेल.”

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “आजी, आणखी एखादं असेल तर सांगा, शर्यतीला वेळ आहे.” पण इमोजीन हटली नाही. तिने हट्ट धरला की समितीतर्फे ती स्वतः मठात जाऊन चौकशी करणार, आणि एकोणीस तारखेच्या रविवारी माझ्या सभासदत्वाचं मतदान त्यावर होणार.

तेव्हा जिनीव्हा, तुझं जुनं पाप भर रस्त्यात वाळत घातल्याबद्दल मला क्षमा कर. तू त्याबद्दल केव्हाच पापनिवेदन केलं आहेस, आणि ते मिटलेलं आहे, हे मला ठाऊक आहे. मी ते विनाकारण उकरलं. तिला फक्त खरं ते सांग. मी त्याहून जास्त काही मागणार नाही.

तुझी, फाटकामागे बसलेली,
कॉर्नेलिया

ता. क. इमोजीन सोळा तारखेला, गुरुवारी, दोनला येते आहे. हायवेवर ती स्वतः गाडी चालवत नाही. लिअँडर सिसेल तिला घेऊन येणार आहे. त्याने आपणहून विचारलं, आणि तिने नवी टोपी घेतली आहे. चौकशीला टोपी कशाला लागते, हे मी विचारलं नाही.

दुसरा ता. क. जास्त काही मागणार नाही म्हटलं होतं, पण एक मागते. तू आलीस की दोन मिनिटांत सगळं सांगून मोकळी होशील, तुझा स्वभावच तसा. तसं करू नकोस. दोघांना मागच्या व्हरांड्यात बसव, केक आणि कॉफी पाठव, आणि तू चाळीस मिनिटं कुठेतरी प्रार्थनेला जा. गुडघ्याचं कारण सांगून हळूहळू ये.

तिसरा ता. क. लिअँडरने लग्न केलेलं नाही. त्याच्या घराण्याची जागा तुमच्या चर्चच्या दफनभूमीत आहे, व्हरांड्यातून समोर दिसते तो उतार, आणि तिथे दोघांपुरतं शिल्लक आहे. जमीन कोरडी आहे का, हे इमोजीनने बोलण्याच्या ओघात माझ्याकडून दोनदा काढून घेतलं, आणि काल फोनवर, नुसती माहिती म्हणून, कॅथलिक व्हायला किती दिवस लागतात तेही. तू विषय काढू नकोस. फक्त त्या बाजूचा पडदा सरकवून ठेव, आणि जाताना तिला पेन्सिल खोडायचा रबर दे.