गोलाच्या वेळी आकाश

१२ जानेवारी, सोमवार
यंदा रोजनिशी नियमित लिहायची. संकल्प दुसरा: फुटबॉलच्या टीममध्ये जीव गुंतवायचा नाही. मी कॉमर्सची लेक्चरर. चार वर्षांपूर्वी स्टाफ मीटिंगमधून फोन घ्यायला बाहेर गेले, परत आले तोवर मला मुलींच्या टीमची मॅनेजर केलेलं होतं. आता मात्र खेळ मला आतून कळतो. ऑफसाइड सोडल्यास सगळा.

प्रिन्सिपल नरसिंहमूर्ती सरांनी बोलावलं होतं. जूनपासून मैदानावर पार्किंग करायचं म्हणतात. मी सांगितलं, सर, राज्यात मुलींची नवी लीग सुरू होते आहे. मार्चमध्ये ड्राफ्ट. कॉलेजच्या मुलींच्या यादीतून क्लब पाळीपाळीने खेळाडू निवडणार. आपली जाईल. सर म्हणाले, एक जरी गेली तरी मैदान तुमचं, मॅडम. नाही गेली तर गाड्यांचं.
एक कशाला, तीन जातील. यशस्विनी पहिल्याच फेरीत. खरी काळजी वेगळीच आहे. तीन गेल्यावर टीममध्ये उरणार कोण?

१७ जानेवारी, शनिवार
यशस्विनीला बातमी दिली. आमची स्ट्रायकर, शेवटचं वर्ष. ती म्हणाली, मॅडम, मला बी.एड. करून हुणसूरला घराजवळच्या शाळेत शिकवायचंय. फुटबॉल मी सुम्ने खेळते, मजा येते म्हणून.
नम्रता. मोठे खेळाडू असेच बोलतात.
फॉर्म मीच भरला. तिने सही केली. सही करताना कागदाकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

२५ जानेवारी, रविवार
फॉर्मबरोबर तीन मिनिटांचा व्हिडिओ हवा. अडचण नाही. दोन वर्षांच्या मॅचेस माझ्या फोनवर आहेत. सगळ्या टी. नरसीपूरच्या कॉलेजशी, त्यांच्याच मैदानावरच्या. बाकी गावांना पीटी सर जातात. नरसीपूरला मी जाते, कारण तिथे संगम आहे. पहाटेची बस, स्नान, दर्शन, मग मॅच. एकाच मैदानावरचं शूटिंग असल्यामुळे खेळातलं सातत्य उठून दिसेल.
बारीकशी अडचण एक आहे. गोल झाला की माझे दोन्ही हात वर जातात, आणि फोन हातातच असतो. त्यामुळे गोलाच्या वेळी आकाश दिसतं. यशस्विनीचे नऊ गोल, नऊ आकाशं. एकात घार आहे. आवाज सगळीकडे माझा.
सुधींद्र म्हणाले, फोनचा स्टँड घे गे एक. नवरा म्हणून ते चांगले आहेत, पण स्टँडला खेळ कळत नाही हे त्यांना कळत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
व्हिडिओ तयार. गोल वगळले. थोडक्यात हुकलेले अकरा शॉट घेतले. गोल काय, कुणालाही दिसतो. शॉटमागचा विचार जाणकारालाच दिसतो. नाव दिलं ‘यशस्विनी: एक वादळ’.
सुधींद्रना दाखवला. त्यांनी दोनदा पाहिला. म्हणाले, वेणी गे, ती पिवळ्या जर्सीतली कोण? चांगली अडवते, अल्ला? हो ना? मी म्हटलं, चष्मा पुसा, ती समोरच्यांची गोलकीपर. म्हणाले, तीच.
पंचवीस वर्षं सरकारी ऑफिसच्या काउंटरवर काढलेला माणूस. अडवणारं कुणी दिसलं की त्यांना जिव्हाळा वाटतो.
अपलोड केला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी
बेंगळुरूच्या क्लबच्या कोचचा फोन आला. आला!
गृहस्थ फार अभ्यासू. आधी विचारलं, समोरची गोलकीपर कोण? मी ताबडतोब ओळखलं. प्रतिस्पर्धी किती कठीण होता ते पाहून मगच खेळाडूची किंमत ठरवायची ही त्यांची पद्धत असणार. म्हणून मी हातचं काही राखलं नाही. नाव सुप्रीता, दुसरं वर्ष, उंची चांगली. हिच्यावर दोन वर्षांत आमच्या यशस्विनीशिवाय कुणालाही गोल करता आलेला नाही, हेही ठासून सांगितलं. तिच्या पीटी सरांचा नंबरसुद्धा दिला. त्यांनी तीनदा थँक्स म्हटलं.
पहिली फेरी नक्की.
यशस्विनीला सांगितलं तर ती हसली. म्हणाली, सुप्रीताबद्दल विचारलं? मॅडम, ती खरंच भारी आहे. मी बजावलं, ड्राफ्ट होईपर्यंत दुसऱ्यांची स्तुती बंद.
प्रिन्सिपल सरांना सुचवलं, पार्किंगवाल्यांना नाही म्हणून कळवून टाका. सर म्हणाले, ते सोळा मार्चला माप घ्यायला येतायत, येऊ देत.

६ मार्च, शुक्रवार
पुढच्या वर्षीच्या टीमचा तक्ता केला. तीन जागा रिकाम्या, लाल शाईत. निरोपाचं भाषण लिहिलं. दुसऱ्या परिच्छेदाशी मलाच रडू आलं. सर्दी असावी.

१४ मार्च, शनिवार. संध्याकाळी
ड्राफ्ट सेमिनार हॉलमध्ये प्रोजेक्टरवर लावला. सगळी टीम होती. सुधींद्र कडबोळ्यांचा डबा घेऊन आले होते.
पहिल्या फेरीत आमचं कुणी नाही. पहिल्या फेरीत भपकाच जास्त असतो.
दुसरी फेरी. बेंगळुरूचा क्लब. सुप्रीता, गोलकीपर, टी. नरसीपूर.
आमच्या मुली अशा ओरडल्या की वॉचमन धावत आला. यशस्विनी बाकावर चढून नाचत होती. माझेही हात वर गेले होते असं आमची डिफेंडर प्रार्थना म्हणते. ते खरं नसावं.
निवेदक म्हणाला, ह्या मुलीला क्लबने एका व्हिडिओत पाहिलं. कुठल्या, ते काही सांगितलं नाही. असतील त्यांच्याकडे कुणाकुणाचे.
तिसरी, चौथी, पाचवी, सहावी. संपलं.
यशस्विनी शेजारी येऊन बसली. म्हणाली, मॅडम, बिडी, जाऊ द्या हो. कडबोळी खाल्ली का तुम्ही?
भाषण पर्समध्येच राहिलं.

१६ मार्च, सोमवार
माप घेणारे आले. पेनल्टी एरियात टेप धरून उभे होते. सरांनी मला केबिनमध्ये कॉफी पाजली. खूश दिसत नव्हते, हे लिहायलाच हवं. म्हणाले, बावीस गाड्या बसतील, मॅडम.
बावीस. बरोबर दोन टीम.
संध्याकाळी सुप्रीता तिच्या आईला घेऊन घरी आली. रसबाळे केळ्यांचा घड आणला होता. वाकून नमस्कार केला. म्हणाली, मॅडम, तुमच्या व्हिडिओत अकराच्या अकरा वेळा मी आहे. आमच्याकडे मॅचमध्ये माझा साधा फोटो कुणी काढला नव्हता.
मी म्हटलं, तुझी गुणवत्ता मी पहिल्यापासून ओळखली होती.
सुधींद्र खोकायला आत गेले.
जाताना ती म्हणाली, मैदान जायच्या आधी एक शेवटची मॅच खेळू या का?

२८ मार्च, शनिवार
शेवटची मॅच. मोठी गर्दी. मी, सुधींद्र, वॉचमन, सुप्रीताची आई. सरही आले, मागे उभे राहिले.
सुधींद्रनी पिशवीतून फोनचा स्टँड काढला. कधी आणला होता कोण जाणे. रेषेजवळ पक्का लावून दिला. मी यशस्विनीला सांगितलं, आज घाल गोल, आज तो दिसणार.
सत्तराव्या मिनिटाला तिने घातला. सुप्रीताच्या डाव्या हाताला. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, रेफ्रीला त्यांना सोडवावं लागलं.
घरी येऊन लावला. फ्रेम जागची हललेली नाही. आकाश नाही. चित्र स्वच्छ. बरोबर सत्तराव्या मिनिटाला कॅमेऱ्यापुढे एक निळी साडी येते, दोन्ही हात वर, आणि मग बराच वेळ दुसरं काही दिसत नाही.
सुधींद्रनी मागे घेऊन पुन्हा पाहिलं. म्हणाले, साडी बरी दिसते गे.
यशस्विनीला पाठवला. तिचं उत्तर आलं, गोल दिसला मॅडम, आता ती नऊ आकाशंही पाठवा, हुणसूरला न्यायची आहेत.
सुधींद्र दिवा मालवता मालवता म्हणाले, ऑफसाइड होता तो. मी म्हटलं, मग कुणी काही बोललं कसं नाही? म्हणाले, रेफ्रीने शिट्टी तोंडापर्यंत नेली होती. सुप्रीताने त्याच्याकडे बघून नुसती मान हलवली, नको म्हणून.
ऑफसाइड शिकून घ्यायला हवं. आता वेळच वेळ आहे.