छोंगछिंगला मी फक्त शहर बघायला आलो

८ एप्रिल, सकाळ
गान्सूहून छोंगछिंगला पोचलो. एकटा. माणसानं पन्नाशीच्या आत एकदा तरी एकट्यानं प्रवास करावा, असं माझं मत आहे. मत गेल्याच आठवड्यात झालं.
हेतू: शहर बघणे. मुलगी वेन्शिउ इथंच राहते, हा योगायोग. तीन वर्षांपूर्वी इथल्या मुलाशी लग्न करून निघाली तेव्हा मी म्हणालो होतो, "एवढ्या लांब जातेस तर परत या दारात येऊ नकोस." ती आली नाही. पोरगी आज्ञाधारक आहे.
बायकोचा फोन. भेटली का, म्हणाली. डोंगर बघायला आलोय, असं सांगितलं. "आपल्या गान्सूतले संपले वाटतं," म्हणाली.

८ एप्रिल, दुपार
संकल्प: कुणालाही रस्ता विचारायचा नाही.
मॅप म्हणतो लॉज आलं. लॉज नाही. दीड तास त्याच जागी फिरलो. शेवटी एका बाईला विचारलं, पण ते इथल्या बोलीचा अभ्यास म्हणून. हे शहर डोंगराच्या उतारावर, रस्ताच इमारतीच्या गच्चीवर: लॉज माझ्या पायाखाली होतं, अकरा मजले खाली.

९ एप्रिल
चांद्र महिन्याचा पहिला दिवस, म्हणून शाकाहार. लॉजच्या शियांगबाईंनी नूडल्स आणल्या. वर डुकराची चरबी. मी हात जोडले. "अहो खौभाऊ, चरबी म्हणजे काय मांस आहे? नुसता वास तो!" म्हणाल्या. सकाळ कोऱ्या भातावर काढली.
देवळात क्वानयिन मातेला तीन उदबत्त्या लावल्या. काही मागितलं नाही. मुलीचा पत्ता तेवढा सांगितला, सहज.
दुपारी फेरफटका. फिरता फिरता वेन्शिउच्या इमारतीवरून तीनदा जाणं झालं. वॉचमननं विचारलं, कुणाकडे? मी म्हटलं, कुणाकडे नाही. तिसऱ्या वेळी त्यानं बसायला स्टूल दिलं.

१० एप्रिल, दुपार
बायकोनं चहाडी केली. वेन्शिउ ऑफिसच्या सुट्टीत लॉजवर आली. बारीक झालीय. मी तसं बोललो नाही. इथली हवा दमट आहे, असं बोललो.
बसस्टॉपपर्यंत सोडायला गेलो, बॅग खांद्याला लावूनच. शहरात सामान सोडून फिरू नये. ती म्हणाली, "बाबा, घरी चला."
मी म्हटलं, नको, कशाला त्रास.
"त्रास कसला? चला."
नको नको, म्हटलं.
आमच्याकडे पहिल्या बोलावण्याला उठणारा पाहुणा हावरट, दुसऱ्याला उठणारा उतावळा. तिसऱ्यांदा यजमान दंडाला धरतो, मग पाहुणा "तुम्ही काही ऐकत नाही" म्हणत उठतो. मी दंड जरा मोकळा ठेवला होता.
बस आली. "बरं बाबा, तुमची मर्जी," म्हणाली आणि चढली.
तीन वर्षांत मोजणी विसरली.

१० एप्रिल, संध्याकाळ
फोन नाही. फोन बिघडला असावा. शियांगबाईंना त्यावर फोन करायला लावला. वाजला. "चांगला वाजतोय की! करणाराच नाही," म्हणाल्या. बाई फटकळ आहेत.

११ एप्रिल, सकाळ
खोली खिडकीपासून दारापर्यंत सात पावलं. दारापासून खिडकीपर्यंतही सातच. पुष्कळदा तपासलं.
निर्णय: बायकोनं लेकीसाठी दिलेली घरच्या व्हिनेगरची बाटली वेन्शिउच्या दारात ठेवायची आणि निघायचं. आत जायचं नाही.

११ एप्रिल, संध्याकाळ
आत गेलो. जावई थान गांगनं दार उघडलं. अंगावर एप्रन. "बाबा, जेवलात?"
"जेवलो," म्हणालो. या प्रश्नाला दुसरं उत्तर मला माहीतच नाही. सकाळपासून पोटात काही नव्हतं.
भल्या माणसाला खरंच वाटलं. ते दोघं जेवायला बसले, मी टोफूची वाफ बघत बसलो. वेन्शिउनं मान वर न करता एक वाटी माझ्यापुढे सरकवली. "खोटं बोलताना तुमचे कान हलतात," म्हणाली. दोन वाट्या भात खाल्ला. जावयाच्या हाताला चव आहे. हे कुणाला सांगायची गरज नाही.
मग म्हणाली, "बाबा, अजून किती दिवस आहात?"
हेच ते तिसरं बोलावणं. मला कळलं. तयार होतो. आणि माझं तोंड म्हणालं, "उद्या निघतो. तिकीट काढलंय."
तिच्या चॉपस्टिक्स थांबल्या. माझ्या कानांकडे बघितलं तिनं. पण या वेळी मी दोन्ही हातांनी डोकं धरून बसलो होतो.
"बरं," म्हणाली. हट्टी आहे. कुणावर गेली कोण जाणे.
जावयानं लगेच अर्ध्या दिवसाची रजा टाकली. उद्या अकराला दोघंही स्टेशनवर सोडायला येणार.

१२ एप्रिल, सकाळी सात
तिकीट काढलेलं नाही. ते दोघं यायच्या आत काढायला हवं. स्टेशनवर रांगेत उभा आहे. आज क्वानयिन मातेकडे प्रथमच काही मागितलं: गाड्या भरलेल्या असू देत. आठवडाभर तरी. शहर अजून बघून झालेलं नाही.

सात वाजून वीस
जागा होत्या. भरपूर. खिडकीची मिळाली.