मणाच्या पोटातलं शिसं

सव्वीस वर्षांपूर्वी एका सकाळी मी पाणी भरलं, चहा ठेवला, वखार झाडली. झाडूसाठी मणाचं लोखंडी वजन कलतं केलं, तर खाली छोट्या लिंबाएवढा शिशाचा गोळा. कशाला तरी उपयोगी पडेल म्हणून खिडकीत ठेवून दिला.

मी तोलाऱ्याची विधवा, वय एकोणऐंशी. डोकं ठिकाणावर आहे, कोणाचा धाक नाही. माझ्यामागची व्यवस्था स्वहस्ते लिहिते ती अशी:

१. राहतं घर मुलीला. जावयांनी मधली भिंत पाडू नये. पाडलीच, तर मी येऊन बघेन.

२. शिवणयंत्र शेजारणीला. बारा वर्षांपूर्वी तिने ते 'दोन दिवसांसाठी' नेलं आहे. आता परत आणायची तसदी घेऊ नये.

३. पुस्तकं नातीला. मी चाळिशीत अक्षरं शिकले. पान उडू नये म्हणून तोच गोळा वर ठेवायची.

४. मोठा काटा आणि मणाची वीस वजनं, म्हणजे पुरी खंडी, भंगारात देऊ नये. मी नवी नवरी असताना यांनी एका पारड्यात खंडीभर लोखंड रचलं, दुसऱ्यात तेवढंच धान्य. दांडी स्थिर झाली. म्हणाले, "आता तुझा रुमाल टाक." मी टाकला, आणि दोन्हीकडचे वीस वीस मण हलले.

५. शिशाचा गोळा धाकट्या दिरांना. आमच्याकडे तोललेलं पोतं दुसरीकडे पाव शेर कमी भरलं, तेव्हा भाऊजी चारचौघांत म्हणाले, "दादा, तू मापात मारतोस!" हे म्हणाले, "बाबांचं वजन आहे ते. तपासणार नाही. आणि तू माझा कोणी नाहीस." त्या दिवशी काटा उतरवला तो कायमचा. सव्वीस वर्षं अबोला. यांना नेलं तेव्हा भाऊजी फाटकाबाहेरच उभे होते.

गेल्या महिन्यात एका पुस्तकात वाचलं: जड वजनांच्या बुडाला खळगा ठेवतात आणि शिसं ओतून भार पुरा करतात. त्या पानावर गोळा होताच. मी मण आडवा केला, गोळा खळग्यात बसवला. फट उरली नाही. खंडी तोलणारं घर, आणि पाव शेराने मोडलं. तो पाव शेर माझ्या खिडकीत होता.

माझ्यामागे मुलीने गोळा त्यांना द्यावा. सांगावं, दादाही खरे, तुम्हीही खरे, चूक वहिनीची.

साक्षीदार: पोस्टमन (सही), औषधवाला (सही)
सही: तोलाऱ्याची बायको
ठिकाण: वखारीमागची खोली. तारीख: नऊ, सोमवार.

पुरवणी, मंगळवार: सही करताना पोस्टमन म्हणाला, "आजी, दीर जिवंत आहेत ना? मग तुम्ही मरायची वाट कशाला बघताय?" कलम पाच रद्द. आज सकाळी गोळा रुमालात बांधला आणि भाऊजींच्या दारी नेऊन दिला.