पोटाची गोळी आणि डोक्याचं दार

मॅडम, तुम्ही शिकवलेलं बरंचसं मी विसरून गेले होते. डोळ्यांची डॉक्टर झाल्यावर पोटाच्या औषधांशी आपला संबंध परीक्षेपुरताच होता, असं मी धरून चालले होते. तुम्हाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पण यंदा आमच्या आईचं जे झालं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझी तोंडी परीक्षा तुम्हाला आठवत असेल. आमच्या घरात मेंढरं राखण्यापलीकडं कुणी काही केलेलं नव्हतं, आणि मी औषधशास्त्राच्या टेबलासमोर उभी. सकाळपासून पोटात कण नव्हता, तरी दारात नंबर लागल्यावर बाहेर जाऊन ओकून आले होते. तुम्ही विचारलंत, "उलटी थांबवायच्या गोळीनं एखाद्याची मान वाकडी का होते?" मी म्हणाले, "पोटात वात धरतो म्हणून." बाहेरून आलेले परीक्षक हसले. तुम्ही हसला नाहीत. "गोळी पोटात गेली म्हणजे तिथंच मुक्काम करते का? पुस्तक पाठ केलंस, माणूस पाहिला नाहीस," एवढंच म्हणालात. ते मला फार लागलं. पण त्याच संध्याकाळी तुम्ही मला तुमच्या क्वार्टरवर नेलंत. ओट्याशेजारी बसवून मऊ भात वाढताय, त्यावर तूप, त्यावर मेतकूट. मेतकूट मी पहिल्यांदाच खातेय. "भीती डोक्यात होती ना तुझ्या? मग संप पोटानं का केला?" तुम्ही विचारता. मग हातातली पळी तशीच धरून तुम्ही मला सांगता, की डोपामाइन नावाचं निरोप पोचवणारं रसायन एकच, पण पोटाला ते म्हणतं 'दमानं' आणि मेंदूत हातापायांना म्हणतं 'चल'. काही औषधं त्याचं तोंड बंद करतात. पोट मोकळं होतं, भराभर चालू लागतं, उलटी थांबते. पण मेंदूच्या दारावर अडवलं जात नाही असं औषध असलं, तर ते आत शिरून तिथंही तेच करतं, मग कुणाची मान वाकडी होते, कुणाचे हातपाय अडतात. "पोट पळायला लागतं आणि माणूस थांबतो," तुम्ही म्हणालात, आणि वर आणखी भात वाढलात.

यंदा उन्हाळ्यात मी गावी, पिशोरला गेले, तर आई ओसरीत बसलेली होती. मला पाहून उठली नाही. चेहऱ्यावर राग नाही, आनंद नाही, काहीच नाही. पापणीसुद्धा कमी लवत होती. उजवा हात मांडीवर थरथरत होता. चालताना पाय घासत चालायची आणि हात अंगाला चिकटलेले. शेळीची धार काढणं वहिनीकडं गेलं होतं. भाऊ म्हणाला, "वय झालंय आता तिचं. कंपवाताचं दुखणं दिसतंय. गावात दोघांना हाय." मलाही तेच वाटलं. मी त्याच्याशी तिच्या म्हातारपणाचं, कुणी कधी बघायचं याचं बोलायला लागले. ती तेवढ्यात भावाला म्हणाली, "माझी गॅसची गोळी दे रं."

"कसली गोळी?" मी विचारलं.

"पित्त झालं व्हतं ना पोळ्याच्या टायमाला. डाक्टरनं धा दिवसाची दिली. लई हलकं वाटलं. मंग म्या सोडलीच नाय."

भाऊ बाजारात गेला की मेडिकलमधून तीच आणत होता. मी पाकीट उजेडात धरलं. पित्ताच्या औषधासोबत पोट पुढं ढकलणारं दुसरं एक औषध होतं, बारीक अक्षरात. मी तिथंच उंबऱ्यावर बसले. मला तुमचा आवाजच ऐकू आला म्हणा ना.

दुसऱ्या दिवशी तिला शहरात घेऊन आले. क्रांती चौकाजवळ मेंदूचे एक डॉक्टर बसतात, त्यांनी तिला चालवून पाहिलं, मनगट वळवून पाहिलं. म्हणाले, गोळीचाच प्रताप दिसतोय, ती बंद करून वाट बघू, पण महिने लागतील, आणि अगदी खात्री देत नाही. गोळी बंद केली आणि आईला माझ्याकडंच ठेवलं. पहिले काही आठवडे काहीच फरक नाही. पोट जड व्हायचं, ती कुरकुरायची. थोडं थोडं खा, जेवली की जरा फिर, दिवेलागणीलाच जेव, असं मी सांगत राहिले. रात्री मनात यायचं, खरंच कंपवात असला तर? मग एके सकाळी भाजीत मीठ कमी पडलं आणि तिनं कपाळाला आठ्या घालून माझ्याकडं पाहिलं. "डाक्टर झालीस, पर सैपाक नाय आला तुला," म्हणाली. मी इतकी हसले की ती घाबरली. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर कुणीतरी राहायला आलं होतं.

दिवाळीपर्यंत हात थांबला. आता ती पिशोरला परत गेलीय, शेळ्यांची धार स्वतः काढते, आणि वहिनीला काही करू देत नाही म्हणून वहिनीची तक्रार असते. ती ऐकायला मला फार बरं वाटतं.

हे पत्र कुठं टाकणार, माझ्याजवळच राहील. एक मात्र सांगते. हे सगळं तुला कसं कळलं, असं आईनं विचारलं तेव्हा मी म्हणाले, माझ्या मॅडमनी शिकवलं होतं. तेव्हापासून दर खेपेला ती तुमच्यासाठी भाजलेल्या शेंगांची पिशवी बांधून देते आणि पुढच्या वेळी विचारते, "आवडल्या का त्यान्ला?" मी म्हणते, "लई आवडल्या." शहर यायच्या आत निम्म्या शेंगा मीच गाडीत संपवलेल्या असतात.